मध्यंतराला उठून गेलेला समीक्षक

सदा,

पंधरवड्यापूर्वी तुझी शोकसभा झाली. वाचनालयाच्या अध्यक्षांनी तुला 'अजातशत्रू' म्हटलं तेव्हा मी दुसऱ्या रांगेत होतो, आणि मला हसू आलं. खोकला आल्याचं दाखवून मी ते गिळलं. अजातशत्रू! डिचोलीच्या बाजारात तुझ्याशी एकदाही न भांडलेला माणूस शोधायचा म्हटलं तर आदल्या दिवशी बदली होऊन आलेला तलाठीच सापडेल. खुद्द अध्यक्षांशी तुझं पुस्तकांच्या कपाटांना कुलपं असावीत की नसावीत यावर दीड वर्ष वाजलं होतं. पण माणूस गेला की आपल्याकडे त्याचे सगळे विरोधक एका दिवसात त्याचे निकटवर्ती होतात. त्याला अर्ज करावा लागत नाही, दाखला लागत नाही. फक्त पांढरा शर्ट लागतो.

तुझा जन्म, शिक्षण, मागे कोण कोण, हे सगळं पेपरात येऊन गेलं आहे. सोबत ओळखपत्रावरचा तो फोटो, ज्यात तू न केलेल्या गुन्ह्याची कबुली देताना दिसतोस. त्यात मी भर घालणार नाही. मला एका सिनेमाबद्दल लिहायचं आहे. आपल्यातलं शेवटचं भांडण त्यावरचं होतं आणि ते तू अर्धवट टाकून गेलास. हे तुझ्या स्वभावाला धरून नव्हतं.

सिनेमाचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर वाचणारे लगेच आपापल्या तटात जाऊन उभे राहतील आणि पुढचं कोणी वाचणार नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एवढं पुरे: विजेच्या खांबावर चढणारा एक वायरमन, त्याला विजेचा झटका बसतो, मरायचं सोडून तो उडायला लागतो. चंदेरी अंगरखा, पाठीवर लाल शेला. गेल्या नोव्हेंबरात या माणसावरून आपल्या दोन तालुक्यांत जेवढी भांडणं झाली तेवढी पंचायतीच्या निवडणुकीतही होत नाहीत. पार्श्यात दोन सख्खे भाऊ आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हते. त्यांच्यात जमिनीचा दावा चालू असतानासुद्धा बोलणं चालू होतं.

आपण तो म्हापशात पाहायला गेलो. तू सर्वणहून स्कूटरने, मी पार्श्याहून बसने. ही आपली जुनी वहिवाट. तिकिटाच्या रांगेत तू माझ्याशी बोलतच नव्हतास. रांगेतल्या लोकांशी बोलत होतास. कुठून आले, का आले, काय ऐकून आले. एका बाईने डोक्याला गजरा माळला होता. तू तिला विचारलंस, लग्नाला चालली का? ती म्हणाली, "न्हय गो बाय, सिनेमाक," आणि मग आपण पुरुषाशी बोलतोय हे ध्यानात येऊन एवढी हसली की तिच्यामागचे चौघेही हसले. मी मात्र पुस्तक उघडून उभा होतो. रांगेत पुस्तक वाचणाऱ्या माणसाकडे लोक आदराने बघतात असा माझा तेव्हा समज होता.

तुझं हे लोकांकडे बघणं कुठून आलं ते मला ठाऊक होतं. खनिजाचे ट्रक रात्रंदिवस धावायचे त्या दिवसांत तू रस्त्याच्या नाक्यावर लाल आणि हिरवा बावटा घेऊन उभा असायचास. ट्रक थांबवायचा, माणसं पलीकडे सोडायची, पुन्हा ट्रक सोडायचे. वीस वर्षं तू ट्रककडे पाठ करून माणसांकडे बघितलंस. कोण घाई करील, कोण दचकेल, कोण मध्येच थांबेल. पावसाळ्यात खाण बंद, म्हणून तू वाचायचास फक्त पावसाळ्यात. जूनमध्ये वाचनालयात यायचास तेव्हा तुझ्या कानांच्या मागे अजून लाल धूळ असायची आणि सप्टेंबरपर्यंत दोन कपाटं खाली झालेली असायची. पुढे खाणी बंद पडल्या. तालुक्याचं नुकसान झालं म्हणतात. वाचनालयाच्या समितीचं त्याहून जास्त झालं, कारण तू बारा महिने वाचायला लागलास.

चित्रचर्चा तूच सुरू केलीस. महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी, वाचनालयाच्या माडीवर, एका सिनेमावर बोलायचं. पहिल्या वेळी आपण दोघं आणि पंखा दुरुस्त करायला आलेला माणूस. त्याचं मत सर्वांत चांगलं होतं असं तू नंतर कित्येक वर्षं सांगत होतास.

तर म्हापसा. पाचचा खेळ. पहिल्या भागात तो वायरमन आगगाडीचं इंजिन उचलतो, हेलिकॉप्टर शेपटीला धरून भिरकावतो, आणि दर दहा मिनिटांनी शेला वाऱ्यावर उडवत उभा राहतो. वारा नसला तरी उडतो. लोक शिट्ट्या मारत होते, खुर्च्यांवर उभे राहत होते. माझ्या पुढच्या माणसाने तर खांद्यावर लाल टॉवेल टाकला होता. मी मनातल्या मनात परीक्षण लिहून काढत होतो. मध्यंतराचे दिवे लागले तेव्हा शेवटची दोन वाक्यं तेवढी राहिली होती.

मी उठलो.

"खंय चललो रे?" तू विचारलंस.

"सव्वासातला पार्श्याची शेवटची बस."

"सर्वणा यो. खाट आसा. सकाळी वच."

"लेख आजच द्यायचा आहे. उद्या द्यायला लागलो तर दुसऱ्या कोणाचा तरी छापून येईल."

"अर्द्या सिनेमाचो?"

"मला सगळा कळला."

तू मान वर करून माझ्याकडे बघितलंस. हातात कागदाच्या पुड्यातले शेंगदाणे. "तुका कळला आसतलो, मास्तर. पूण ताका अजून सांगपाचं आसा मरे."

सिनेमाचं सांगून व्हायचं होतं, एवढंच तुझं म्हणणं. मी हसलो आणि गेलो. बस मिळाली. बसमध्ये शेवटची दोन वाक्यंही मिळाली.

ती वाक्यं इथे पुन्हा लिहिणं मला भाग आहे. मी लिहिलं होतं: "अखेरीस नायक ढगांतून उतरतो, शत्रूचा निःपात करतो आणि टाळ्यांच्या गजरात आकाशात दिसेनासा होतो. याहून वेगळं काही घडेल अशी आशा ठेवणारा प्रेक्षक भाबडाच म्हणायचा." रविवारच्या पुरवणीत ते परीक्षण चौकटीत, जाड मथळ्यासह छापून आलं.

पुढे काय झालं ते तू पाहिलंस, पण ते मजेदार होतं म्हणून सांगतो. दोन दिवसांत माझा फोन बंद ठेवावा लागला. सिनेमावर जीव टाकणाऱ्यांनी मला विकला गेलेला म्हटलं. कोणाला विकला गेलो यावर त्यांच्यात एकमत नव्हतं. सत्तरीतून एकाने फोन करून विचारलं, तुम्ही लहानपणी कधी खेळला होता का? मी हो म्हटलं तर म्हणाला, खोटं. दुसऱ्या बाजूने माझं कौतुक सुरू झालं. निवृत्त मुख्याध्यापक, दोन कवी, एक डॉक्टर, खुद्द आपले अध्यक्ष. "मास्तर, बाजाराच्या कानशिलात वाजवलीत." परीक्षणाच्या झेरॉक्सी फिरल्या.

आणि एकाच्याही लक्षात आलं नाही, सदा. शेवट तसा नव्हताच. त्या सिनेमात नायक ढगांतून उतरत नाही, शत्रूचा निःपात करत नाही. मध्यंतरानंतर त्याची शक्तीच जाते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, पण तो पाहिलेल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं होतं. मग कोणी बोललं का नाही? मी यावर बरेच महिने विचार केला. उत्तर सोपं आहे. ज्यांनी सिनेमा पाहिला होता त्यांनी परीक्षणाचा मथळा वाचून शिव्या द्यायला घेतल्या, आणि ज्यांनी परीक्षण शेवटपर्यंत वाचलं त्यांनी सिनेमा पाहिलाच नव्हता. इतक्या गदारोळात सिनेमा शेवटपर्यंत पाहिलेला आणि परीक्षण शेवटपर्यंत वाचलेला एकच माणूस होता. तो सर्वणला राहत होता.

तुझं पत्र पुढच्या रविवारी आलं. 'वाचकांची मतं'मध्ये, सगळ्यात खाली. तो पेपर मी दाराला कडी घालून उघडला, हे आता सांगायला हरकत नाही. मला वाटलं, संपलो. चाळीस वर्षं पोरांना 'धडा पूर्ण वाचल्याशिवाय उत्तर लिहू नये' शिकवलेला मास्तर, उभ्या गोव्यासमोर अर्ध्या धड्यावर नापास.

तू सिनेमाची बाजू घेतली होतीस. समीक्षक पडद्याकडे बघतात, बघणाऱ्यांकडे बघत नाहीत, असं लिहिलं होतंस. पहिल्या भागात ओरडणारी माणसं दुसऱ्या भागात चिडली, काही उठून गेली, पण बरीचशी गप्प बसून राहिली, आणि आपल्याला तो सिनेमा त्या गप्प बसलेल्यांमुळे मोलाचा वाटला, असं लिहिलं होतंस. माझ्याबद्दल एकही वावगा शब्द नाही. आणि शेवटी: "सिनेमाच्या अखेरीबद्दल मी मुद्दाम काही लिहीत नाही. ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांचा रस जाईल."

हे वाक्य सगळ्या गोव्यात फक्त मला कळलं. शिवी देण्याची इतकी सभ्य रीत मी तोवर वाचली नव्हती, आणि मी बरंच वाचलं आहे.

त्याच आठवड्यात आपण डिचोलीच्या आपल्या नेहमीच्या हॉटेलात भेटलो. भाजी-पाव मागवला. तू पातळ भाजीत पाव बुडवत म्हणालास, "शेवट बरो लिवलास, मास्तर."

मी म्हटलं, "कुठला?"

"लेखाचो."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. दोन शब्द होते, 'पाहिला नाही'. त्याऐवजी मी सामाजिक भान, व्यक्तिपूजा, शक्तीचं उदात्तीकरण असं कायकाय बोललो. तू ऐकून घेतलंस. मग विचारलंस, "मिर्ची खातलो?" मी हो म्हटलं. त्या दिवशी तू मला सोडलंस. मला वाटलं, विषय संपला.

पण विषय आपल्या दोघांपुरता नव्हता. वाचनालयाच्या समितीला तुझ्या पत्राने चांगलंच लागलं. आपल्या चित्रचर्चेचा माणूस असल्या सिनेमाची तरफदारी करतो, हे शोभत नाही, असं ठरलं. जानेवारीत चित्रचर्चा तुझ्याकडून काढून माझ्याकडे देण्यात आली. कार्यक्रम झाला. शाल, नारळ, अध्यक्षांचं 'निर्भीड लेखणी'वर भाषण. आणि मी ती शाल घेतली. घेतली एवढंच नाही, खांद्यावर नीट बसावी म्हणून थोडा वाकलोसुद्धा.

तू शेवटच्या रांगेत बसला होतास आणि टाळ्या वाजवत होतास. तू तेव्हा उठून काहीतरी बोलला असतास तर फार बरं झालं असतं. मी याबद्दल तुझ्यावर अजून रागावलेला आहे. बावटा धरणाऱ्या माणसाला कुठे लाल दाखवायचा हे कळायला हवं.

त्यानंतर चित्रचर्चेला तू येत राहिलास. मी बोलायचो, लोक माना डोलवायचे. कोणी भांडत नव्हतं. मी वाद घालायला तुझ्याकडे बघायचो, तू खिडकीबाहेर बघायचास. भांडणाशिवायची ती चर्चा म्हणजे मिठाशिवायची पेज. तोंडात जायची, पोटात जायची, पण जेवल्यासारखं वाटायचं नाही.

काजूच्या दिवसांत तू एकदा पार्श्याला घरी आलास. सहज आलो म्हणालास. सर्वणहून पार्श्याला सहज कोणी येत नाही. अंगणात बोंडूंचा ढीग पडला होता, मी तुला नीरो दिला, त्या बोंडूंचा ताजा रस, तू दोन ग्लास प्यालास. काजूच्या भावाबद्दल बोललास, गवे बागेत शिरतात त्याबद्दल बोललास, मुलीच्या नोकरीबद्दल बोललास. मध्ये मध्ये थांबत होतास. प्रत्येक वेळी ती थांबलेली जागा माझ्यासाठी होती, हे मला कळत होतं. मी तीत काही घातलं नाही. मी आणखी नीरो ओतला. निघताना स्कूटर चालू करून म्हणालास, "तो सिनेमा आतां फोनार पळोवपाक मेळटा. जाय जाल्यार पळय." फोनवर बघायला मिळतो, हवा असेल तर बघ.

मी पाहिला नाही. हट्टाने पाहिला नाही. पाहिला असता तर कबूल करावं लागलं असतं. न पाहता आपलं मत शाबूत होतं. बरीच मतं अशीच शाबूत राहतात.

जुलैत तू गेलास. सकाळी चहा पिऊन खुर्चीत बसलास तो बसलासच, असं सुनंदा वहिनी म्हणाल्या. मला निरोप आला तेव्हा माझ्या मनात पहिला विचार दुःखाचा नव्हता. पहिला विचार होता: आता कोणालाच माहीत नाही. सुटलो. तुला हे सांगतोय कारण तू असल्या गोष्टींचं अवडंबर करत नव्हतास. तो विचार फार तर एक श्वासभर टिकला. त्यानंतर जे आलं ते अजून गेलेलं नाही.

आता शोकसभा. अध्यक्ष अजातशत्रूवरून पुढे गेले आणि म्हणाले, "शेवटच्या काळात त्यांची अभिरुची थोडी सैल झाली होती हे खरं. एका बाजारू चित्रपटाच्या मोहात ते पडले. पण मोठ्या माणसाच्या अशा चुका आपण पोटात घालायच्या असतात." लोकांनी माना हलवल्या. मग त्यांनी जाहीर केलं की चित्रचर्चेला तुझं नाव देण्यात येईल आणि ती अशीच माझ्या मार्गदर्शनाखाली चालेल.

म्हणजे तुला क्षमा करण्यात आली होती. आणि तुझ्या नावाखाली मी बसणार होतो.

मी उभा राहिलो. बोलायची माझी पाळी नव्हती. म्हटलं, "तो सिनेमा मी अर्धाच पाहिला होता."

कोणाला नीट कळलं नाही. मी पुन्हा म्हटलं. "मध्यंतराला उठून बस पकडली. शेवट मनाने लिहिला. चुकीचा लिहिला. सदा माझ्या शेजारी बसला होता, त्याला माहीत होतं. या सभागृहात सिनेमा पुरा पाहून मत देणारा तो एकटा होता, म्हणून आपण त्याला काढलं. मला शाल दिली."

अध्यक्ष माईकवरच होते. म्हणाले, "मास्तर, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो. पण ही वेळ नव्हे."

"मलाही आठ महिने तसंच वाटत होतं," मी म्हटलं.

मागून कोणीतरी म्हणालं, मास्तरांना पाणी द्या. शोक झालेल्या माणसाला पाणी दिलं की त्याने बोललेलं बाद होतं, असा एक समज असावा. आणि तेवढ्यात पहिल्या रांगेतून हसू ऐकू आलं. पदर तोंडाला लावून सुनंदा वहिनी हसत होत्या. त्यांच्या शेजारची बाई त्यांना धरू लागली, तिला वाटलं रडतात. त्या मागे वळल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, बसात. आमकां ठावक आसा."

सभा संपल्यावर मी त्यांच्याजवळ गेलो. विचारलं, ठाऊक म्हणजे?

"ते त्याच दिसा घरा येवन सांगून हांसताले. जेवताना ठसको लागलो. मागीर पेपर आयलो, तेन्ना तर पेपर मांडयेर घालून हांसले." त्यांनी डोळे पुसले. "हांवें म्हळें, सांगा मगो सगळ्यांक. तुमचें काम काडून घेतलां त्या लोकांनी. ते म्हणाले, ना. कोणाकच सांगपाचें ना. मास्तर आपणच सांगतलो."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तेंय हांवें विचारलें." वहिनी म्हणाल्या. "म्हणाले, सांगतलो. वेळ लागतलो, पूण सांगतलो. मास्तर मरे तो."

सदा, या विश्वासाबद्दल मी तुझा ऋणी आहे असं लिहायची पद्धत आहे. मी तसा नाही. तू चूक केलीस. मी सांगितलं ते तू गेल्यावर सांगितलं, म्हणजे तुझा अंदाज फसला. माणसांकडे वीस वर्षं बघून तुला माझ्याबद्दल एवढंही कळलं नाही? नाक्यावर मी कधी पाऊल टाकीन हे ओळखायला तुला आठ महिने कमी पडले, की मला? असू दे. हे भांडण मी एकट्याने करतोय हे मला दिसतंय.

काल, शेवटच्या रविवारी, वाचनालयाच्या माडीवर तो सिनेमा लावला. शाल मी आदल्या दिवशी समितीच्या टेबलावर ठेवून आलो होतो. तिचं काय करावं यावर त्यांची बैठक होणार आहे. तुझ्या मुलीने लॅपटॉप आणला आणि भिंतीवर चित्र पाडलं. भिंतीला पाऊसपाण्याचे डाग आहेत, त्यामुळे नायकाच्या गालावर सबंध वेळ एक डाग होता. अध्यक्ष आले नाहीत. उद्घाटन नव्हतं. पण तुझा तो कोल्हापूरचा तानाजी आला, सर्वणला भाड्याच्या खोलीत राहतो तो, गवंडीकाम करणारा. तुझ्याबरोबर संध्याकाळी चहा प्यायचा. येताना त्याने खोलीतल्या आणखी तिघांना आणलं. वहिनी आल्या. आम्ही सगळे मिळून बाराजण असू.

मी पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत बसलो. मध्यंतरात पाणी प्यायलासुद्धा उठलो नाही.

आता ऐक. पहिला भाग वाईट आहे. तो मी पूर्वी म्हटलं त्याहून वाईट आहे. दुसऱ्या भागात त्याची शक्ती जाते, लोक त्याला हसतात, तो पुन्हा शिडी घेऊन खांबांवर चढायला लागतो, मग वादळ येतं. ते वादळ कॉम्प्युटरमधलं आहे हे शेंबड्या पोरालाही दिसतं. पार्श्वसंगीत वाजवणाऱ्याला कोणीतरी थांबवायला हवं होतं. आणि त्या नटाचे हात! जन्मात कधी तारेला हात न लावलेले हात आहेत ते. तू याकडे कसं दुर्लक्ष केलंस मला समजत नाही.

एक जागा मात्र आहे. वादळानंतर तो अंधाऱ्या गल्लीत खांबावर चढतो आणि तार जोडतो, सात-आठ मिनिटं कोणीच काही बोलत नाही. तिथे मला तुझं पत्र आठवलं आणि मी पडद्याकडे न बघता माणसांकडे बघितलं. वहिनींनी हातातला पंखा मांडीवर ठेवला होता. तानाजी पुढे वाकून बसला होता, दोन्ही कोपरं गुडघ्यांवर, कामावर दुसरा गवंडी भिंत चढवताना बघत असावा तसा. त्याच्या तिघांतला एकजण ओठ हलवत होता. बहुतेक पायऱ्या मोजत होता. त्यांच्याकडे बघताना ती सात मिनिटं कधी गेली कळलं नाही. म्हणजे तेवढा सिनेमा माझा पुन्हा राहिला. त्यावर माझं मत नाही.

दिवे लावले तेव्हा तानाजी माझ्याकडे वळला. "आवं मास्तर, तुमी पेपरात लिवल्याला शिनेमा ह्यो न्हवंच की!"

"नव्हताच," मी म्हटलं. "पण हाही चांगला नाही."

"का म्हून?"

"त्याचे हात बघितलेस?"

"हात ऱ्हाऊ द्या. पाय बगितलासा का? शिडीवर पाय कसा ठेवलाय बगा. शिकून घेतलंय त्यानं कुणाकडनं तरी. आडवा ठेवतोय. नवा माणूस सरळ ठेवतो आणि घसरतो."

"पाय बरोबर म्हणून सिनेमा बरोबर?"

"मग काय हात चुकला म्हून शिनेमा चुकला?"

मी काहीतरी बोललो, ते त्याने खोडलं. मग वहिनी मध्ये पडल्या आणि दोघांनाही वेड्यात काढून, नायकाची आई पहिल्या भागात होती ती दुसऱ्या भागात कुठे गेली, असं विचारलं. खरंच कुठे गेली? त्यावर पाऊण तास गेला. तानाजीने मला दोनदा 'तुमास्नी काय कळतंय' म्हटलं. मी त्याला एकदा 'अडाणी' म्हटलं आणि लगेच मागे घेतलं. तो म्हणाला, मागं घेऊ नगा, आवाज चढला की मजा येती. माडीखालचा ग्रंथपाल, काही मारामारी झाली का, म्हणून वर येऊन बघून गेला.

जानेवारीपासून माझ्या हाताखाली त्या माडीवर इतका आवाज झाला नव्हता. यापुढे चित्रचर्चेला मार्गदर्शक नसेल. ज्याने सिनेमा पुरा पाहिला तो बोलेल. समितीने विचारलं, याचा ठराव करायचा का? मी म्हटलं, करा, अर्धाच करा.

तुझा सिनेमा मला आवडला नाही, सदा. पुरा पाहून सांगतो. आता मला कोणी हलवू शकत नाही. तूही नाही, आणि तू माझं हे म्हणणं खोडायला इथे नाहीस ही गोष्ट मी मान्य करायला तयार नाही. तू काय म्हणाला असतास तेही मी लिहिणार नाही. सभेत तीन वक्त्यांनी तुझ्या तोंडी वाक्यं घातली, आणि तिन्ही तुझी नव्हती. तुझी बाजू तुझी होती. ती मांडायला आता कोणी नाही, तर ती रिकामीच राहू दे.

पेपरवाल्यांनी हा लेख मागताना एक सुचवलं होतं. शेवटी चार ओळी, सदा आता कुठे असेल, कसा असेल, असं काहीतरी. वाचकांना बरं वाटतं. सभेत सगळ्यांनीच ते सांगितलं होतं. तू चांगल्या जागी आहेस. एका कवीने तर तिथे ग्रंथालय असल्याचंही सांगितलं.

मी सर्वणच्या स्मशानात होतो. पाऊस होता, लाकडं ओली होती, दोनदा रॉकेल आणावं लागलं. धूर जमिनीवरून सरपटत होता, लोक डोळे चोळत एकेक करून निघून गेले. मी दगडावर छत्री धरून बसलो होतो. तानाजी म्हणाला, मास्तर, चला. मी म्हटलं, तू हो पुढे. निखारे विझून काळे होईपर्यंत मी बसलो होतो, आणि तिथवरचं सगळं मी पाहिलेलं आहे. त्याच्यापुढचं मी पाहिलेलं नाही, सदा. म्हणून लिहीत नाही.